दूरचा वाटेकरी

एखादी मौल्यवान वस्तू एका ठिकाणी असावी आणि तिचे वाटेकरी दूरदूर पसरलेले असावेत, ही परिस्थिती मानवी व्यवहारात फार जुनी आहे. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत एका बंधाऱ्याचे पाणी अनेकांच्या शेतांत पाळीने जाते. लग्नकार्यातील पंगतही याच न्यायाने चालते. पाट मोजके असतात आणि पाहुणे पुष्कळ. अशा प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न उभे राहतात. एका वेळी किती जणांना जागा द्यावयाची, प्रत्येकाने किती वेळ बसावयाचे, आणि उठावयास विसरलेल्यास कोणी व कसे उठवावयाचे? आज कचेऱ्यांत व विद्यापीठांत जो 'सर्व्हर' नावाचा मध्यवर्ती संगणक असतो, त्यावर दुरून प्रवेश करणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते. ती मर्यादा सांभाळणे हे तंत्रज्ञाचे काम समजले जाते. परंतु त्यामागचे प्रश्न तेच आहेत आणि त्यांना स्वतःचा असा इतिहास आहे.

या इतिहासाकडे वळण्यापूर्वी आपल्या बडोद्याचेच एक उदाहरण घेणे योग्य होईल. गायकवाडांचे राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली हे प्रांत आणि दूर पश्चिमेचे ओखामंडळ यांच्या मधे इंग्रजी मुलूख व इतर संस्थाने पसरलेली होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाचे वाचन सुटले तर हा सारा खर्च वाया जाईल, हे ओळखून महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतील विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभारले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरले.

ग्रंथालय राजधानीत आणि वाचक ओखामंडळात, अशी ही स्थिती होती. त्यावर जो उपाय काढण्यात आला तो फिरत्या ग्रंथालयांचा. मजबूत लाकडी पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके भरून ती खेड्यात पाठविली जाई. नेण्याआणण्याचा खर्च सरकार सोशी. गावातील एखादा जबाबदार माणूस पेटीची हमी घेई. ठरलेली मुदत संपली की पेटी परत यावी आणि दुसऱ्या गावाकडे निघावी, असा क्रम होता. याच्या जोडीला कायम ग्रंथालयांसाठी वर्गणीचा नियम होता. गाव ठरावीक मर्यादेपर्यंत जेवढी रक्कम उभी करील तेवढीच प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावयाची.

या योजनेत मुदतीचा नियम वाचकावर अविश्वास दाखविण्यासाठी नव्हता. पेट्या मोजक्या होत्या. एखाद्या गावी पेटी वाचून झाल्यावरही चावडीत पडून राहिली, तर तिचा भुर्दंड त्या गावास बसत नसे. तो बसे पुढच्या गावास, आणि त्या गावास आपली पेटी कोठे अडकली आहे हे कळण्याचा मार्गही नसे. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेल्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेले. ग्रंथालय खात्याशी संबंधित 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक १९१२ पासून काही वर्षे इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. दूरच्या वाटेकऱ्याची भाषा कोणती, याचा विचारही त्या व्यवस्थेत होता, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

आता संगणकाकडे येऊ. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा देशभरच्या अनेक संस्थांतील संशोधक त्याचा उपयोग करू लागले. उपयोग म्हणजे काय, तर छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि पाळी आली की निकालाचा कागद घ्यावयाचा. एका स्वल्पविरामाची चूक झाली असली तरी ती पुढच्या पाळीपर्यंत कळत नसे. यंत्र क्षणभरही रिकामे राहू नये अशी ही रचना होती. माणसाने किती थांबावयाचे याची गणना तीत नव्हती.

हा क्रम उलटविण्याचा विचार अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झाला. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये 'सी.टी.एस.एस.' या कालविभाजन पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. यंत्राच्या वेळेचे अगदी बारीक तुकडे करून ते आळीपाळीने अनेक वापरणाऱ्यांना दिले, की प्रत्येकास यंत्र आपलेच आहे असे वाटते. प्रत्येकाच्या टेबलावर टंकयंत्रासारखे साधन असे आणि त्यावरून तो यंत्राशी बोले. परंतु तुकडे करण्यासही सीमा होती. तिसाच्या आसपास माणसे एका वेळी बसली की यंत्र मेटाकुटीस येई. येथे प्रवेशसंख्येची मर्यादा जन्मास आली, आणि कोण आत आहे हे ओळखण्यासाठी परवलीचा शब्दही आला.

त्याबरोबरच या मर्यादेचा पहिला भंगही लगेच घडला. १९६२ मध्ये अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याला चार तासांचा वाटा मिळाला होता आणि त्याच्या कामास तो पुरत नव्हता. त्याने एका कार्डावर आज्ञा देऊन सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापवून घेतली व इतरांच्या नावाने काम चालविले. ही हकिकत त्याने स्वतःच पुष्कळ वर्षांनी उघड केली. परवलीच्या शब्दांच्या चोरीचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. तो द्रव्यासाठी किंवा गुपितासाठी घडला नाही, तर वेळेच्या वाट्यासाठी घडला. मर्यादा खऱ्या गरजेशी जुळत नसली की प्रामाणिक माणूसही आडवाट शोधू लागतो, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

त्याच संस्थेत पुढे सिद्ध झालेल्या 'मल्टिक्स' या प्रणालीत या प्रश्नाला अधिक विचारपूर्वक उत्तर दिलेले दिसते. वापरणाऱ्यांचे गट केलेले असत व प्रत्येक गटास काही जागा हक्काच्या असत. एखाद्या गटाच्या जागा रिकाम्या असल्या तर दुसऱ्या गटातील माणसाने तेथे बसावयास हरकत नसे. मात्र हक्काचा माणूस आला तर पाहुण्याला उठावे लागे. मूळ मालकाचा हक्क शाबूत आणि रिकाम्या जागेचा उपयोगही होतो, असा हा दुहेरी विचार होता. आपल्या जुन्या वाड्यांत सामाईक विहिरीवर याहून निराळा नियम क्वचितच असेल.

सत्तरीच्या दशकात मुंबईच्या याच टाटा संस्थेत संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय केंद्रात 'डेकसिस्टिम-१०' हा कालविभाजनाचा संगणक आला. या केंद्रामागे आर. नरसिंहन यांची दृष्टी होती. १९८५ मध्ये त्यातून 'एन.सी.एस.टी.' ही स्वतंत्र संस्था झाली आणि एस. रमाणी तिचे संचालक झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्यात ही संस्था, बंगलोरची विज्ञान संस्था आणि पाच आय.आय.टी. यांचा समावेश होता. दूरध्वनीच्या तारेवरून एका संस्थेने दुसरीस पत्र धाडावे, अशी ही सुरुवात होती. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य माणसास आंतरजाल खुले केले. तेव्हा मोडेमच्या मोजक्या तारा आणि त्यांवर ठरावीक तासांची खाती, अशी व्यवस्था होती. तार 'एंगेज' लागणे म्हणजे पंगतीत पाट रिकामा नसणे, हे त्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता तार मोकळी मिळते, यंत्रेही शक्तिमान झाली आहेत. तरी मर्यादा उरलीच आहे. विंडोज सर्व्हर या सर्वत्र आढळणाऱ्या प्रणालीत व्यवस्थापनाच्या कामासाठी दुरून एका वेळी दोघांनाच आत येता येते. अधिकांना बसवावयाचे तर प्रत्येक व्यक्तीचा किंवा यंत्राचा वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो. सी.टी.एस.एस.ची मर्यादा यंत्राच्या ताकदीची होती. ही परवान्याची आहे. अर्थात पाट कमी म्हणून कमी माणसे बसविणे आणि पाटाचे भाडे घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि कारभाऱ्याने त्यांची गल्लत करू नये.

परंतु प्रत्यक्षात जी अडचण सर्वाधिक येते ती संख्येची नसून विस्मृतीची आहे. दुरून आत आलेला माणूस काम संपल्यावर खिडकी बंद करून निघून जातो. त्याच्या समजुतीने तो बाहेर पडला. यंत्राच्या हिशेबी मात्र त्याचा संबंध तात्पुरता तुटला आहे आणि त्याचे सत्र आत तसेच जिवंत आहे. ते जागाही अडवून बसते. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि मग त्या गाडीने जाऊच नये, असा हा प्रकार. दोघे असे विसरले की तिसऱ्यास मर्यादा संपल्याचा निरोप मिळतो. आत प्रत्यक्षात कोणीच नसते आणि दार मात्र बंद असते.

ही सोय मुळात चांगल्या हेतूने केलेली आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मध्येच वीज गेली, तार तुटली, तर अर्धवट काम नष्ट होऊ नये, पुन्हा येताच ते जसेच्या तसे हाती यावे, म्हणून यंत्र सत्र राखून ठेवते. म्हणून उपायही दोन्ही बाजू सांभाळून करावा लागतो. निष्क्रिय सत्रास एक मुदत आणि तुटलेल्या सत्रास दुसरी मुदत घालून देता येते; ती संपली की यंत्र आपणहून जागा मोकळी करते. एका नावाने एकच सत्र, असाही नियम करता येतो. 'क्वेरी सेशन' ही आज्ञा दिली असता आत कोण आणि कोणत्या स्थितीत आहे ते दिसते, व 'लॉगऑफ' या आज्ञेने जागा सोडविता येते. मात्र ही दुसरी आज्ञा देताना त्या माणसाचे न साठविलेले काम जाते. म्हणून आधी विचारावे, मग उठवावे. लिनक्सच्या सर्व्हरवरही एका नावाने किती वेळा प्रवेश घ्यावा आणि निःशब्द राहिलेला संबंध कधी तोडावा, हे लिहून ठेवण्याची सोय आहे.

मुदत किती असावी, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण ते माणसांवर अवलंबून आहे. रात्रभर चालणारी गणना मांडून घरी गेलेल्या संशोधकास अर्ध्या तासाची मुदत म्हणजे अन्याय. हजेरीपुरते डोकावणाऱ्यास आठ तासांची मुदत म्हणजे निष्काळजीपणास उत्तेजन. कारभारी सर्व्हरच्या शेजारीच बसलेला असतो. त्याला जागा मिळतेच. म्हणून दूरच्याचे दार बंद आहे हे त्याला सर्वांत शेवटी कळते. शेजारचा माणूस येऊन तक्रार करतो; दूरचा दोनदा प्रयत्न करतो आणि गप्प बसतो. त्याचे गप्प बसणे व्यवस्था सुरळीत चालल्यासारखे दिसते, आणि यातच मोठा धोका आहे.

बडोद्याच्या पेट्यांची योजना या कसोटीवर घासून पाहिली तर तिचे मोठेपण कळते. ओखामंडळातील वाचकाने राजधानीत येऊन तक्रार करावी, अशी अपेक्षा तीत नव्हती. त्याची पाळी येणारच, हे गृहीत धरून पेटी, मुदत, हमीदार आणि वाहतुकीचा खर्च या चारही गोष्टी आधीच ठरविलेल्या होत्या. महाराष्ट्रातून शेकडो कोस दूर येऊन येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना केंद्रापासून दूर असण्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. पुण्यामुंबईत निघालेले मासिक येथे उशिरा येई आणि तरी त्याची वाट पाहिली जाई. आज जुनी हस्तलिखिते, वंशावळी, दफ्तरे हळूहळू सर्व्हरवर जात आहेत, आणि पुढील पिढ्या त्यांपाशी दुरूनच पोहोचणार आहेत. तेथे किती जणांना एकाच वेळी जागा आहे आणि विसरलेले रुमाल कोण उचलतो, ही चौकशी आपण आजपासूनच करावयास हवी. भांडार किती मोठे आहे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्याची शेवटची पेटी शेवटच्या गावी पोहोचते की नाही, हे पाहणारा एक तरी माणूस नेमलेला असला पाहिजे.