आंतरधातवीय स्फटिकांची पृष्ठरचना
दोन किंवा अधिक धातू ठरावीक प्रमाणात व ठरावीक क्रमाने एकत्र येऊन बनलेल्या स्फटिकांच्या बाह्यतम थरांतील अणूंची मांडणी. स्फटिक पृष्ठाशी खंडित होत असल्याने तेथील अणूंना एका बाजूचे शेजारी उरत नाहीत. त्यामुळे थरांतील अंतर व घटकांचे प्रमाण अंतर्भागाहून वेगळे असू शकते.

निकेल-ॲल्युमिनियमच्या (११०) पृष्ठावर दोन्ही अणू समसमान असतात. मात्र ॲल्युमिनियमचे अणू निकेलच्या तुलनेत सु. ०.०२ नॅनोमीटर बाहेर सरकतात व पृष्ठ तरंगाकार बनते. तांबे व सोने यांच्या ३:१ मिश्रधातूत (१००) दिशेने शुद्ध तांब्याचे आणि तांबे-सोन्याचे थर आलटून पालटून येतात. पृष्ठावर मिश्र थर असतो. सु. ३९०° से.वर अंतर्भागातील हा क्रम मोडतो.

अभ्यासासाठी निर्वात पोकळीत पृष्ठावर आरगॉन आयनांचा मारा करून ते तापवतात. नंतर मंदगती इलेक्ट्रॉन विवर्तन व क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शक (१९८१) वापरतात. इंदूर येथील यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन केंद्रात निकेल-मँगॅनीज-गॅलियम या आकारस्मृती मिश्रधातूच्या पृष्ठांवर संशोधन झाले आहे. उत्प्रेरकांची निवडक्षमता आणि गंजरोध समजण्यासाठी हे ज्ञान मोलाचे आहे.