मूळ संहिता आणि तिचा काळ : ‘नेटबीन्स’च्या बांधणीतील दोषांचा विचार

मुक्तस्रोत आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, घेऊन कोणासही ती आज्ञावली आपल्या संगणकावर बांधता यावी, हे मुक्तस्रोत चळवळीचे मूळ गृहीत होय. परंतु जुनी संहिता घेऊन बांधणीस बसणाऱ्या अभ्यासकापुढे कंपायलर थोड्याच वेळात दोषांची लांबलचक यादी ठेवतो, आणि मूळ लेखकच चुकले असावेत असा त्याचा समज होतो. हा समज बहुधा निराधार असतो. संहिता लिहिली गेली तो काळ आणि ती बांधली जात आहे तो काळ यांतील अंतरच त्या यादीत नोंदलेले असते. आज्ञावली लिहिणे, तपासणे व चालविणे ही कामे एकत्र करून देणाऱ्या साधनास आयडीई म्हणतात. ‘नेटबीन्स’ या आयडीईच्या उदाहरणाने वरील विधान पडताळून पाहावयाचे आहे.

नेटबीन्सचा उगम १९९६ मध्ये प्राग येथील चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या ‘झेल्फी’ या प्रकल्पात झाला. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ते विकत घेतले व २००० मध्ये त्याची संहिता खुली केली. २०१० मध्ये सन कंपनीबरोबर ते ओरॅकलकडे गेले, आणि २०१६ पासून अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आले. या काळात मालक बदलले, तशी ते ज्या भाषेत लिहिलेले आहे ती जावा भाषाही बदलत गेली.

हा बदल कसा बाधतो ते पाहावे. २००४ च्या जावा ५ मध्ये ‘एनम’ हा शब्द भाषेने स्वतःकडे राखून घेतला. तत्पूर्वी अनेक लेखक तोच शब्द चलाचे नाव म्हणून निःशंकपणे वापरीत. काल शुद्ध असलेले वाक्य अशा रीतीने आज अशुद्ध ठरले. जुन्या भाषारूपानुसार संहिता वाचावी, अशी आज्ञा कंपायलरला देण्याची सोय होती. परंतु २०१७ च्या जावा ९ ने पाचव्या व त्यापूर्वीच्या रूपांपुरती तीही काढून घेतली. २०१८ च्या जावा ११ मधून एक्सएमएल दस्तऐवजांसाठी वापरले जाणारे ‘जॅक्सबी’ हे संपूर्ण अंग वगळण्यात आले. त्यावर विसंबलेल्या संहितेस ‘असे पॅकेज अस्तित्वात नाही’ हे उत्तर मिळते. लेखकाने एक अक्षरही चुकविलेले नसते.

बाहेरून आणावयाच्या ग्रंथालयांची, म्हणजे लायब्ररींची, गोष्टही अशीच आहे. नेटबीन्सच्या संहितेत अशा अनेक ग्रंथालयांची केवळ नावे व पडताळणीच्या खुणा असतात. प्रत्यक्ष फाइली बांधणीच्या वेळी जालावरून आणल्या जातात. जानेवारी २०२० मध्ये ‘मेव्हन सेंट्रल’ या जावाच्या मोठ्या भांडाराने असुरक्षित एचटीटीपी मार्ग बंद केला, तेव्हा तो जुना पत्ता लिहिलेल्या बांधण्या संहितेत काहीही न बदलता अडू लागल्या.

हे दुखणे जावाचे एकटीचे नव्हे. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन रचले, त्यामागेही असाच प्रसंग होता. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल न झाल्यामुळे त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात वाया गेली होती.

यावरून दोषशोधनाचा क्रम ठरतो. यादीतील पहिला दोष प्रथम वाचावा. पुढील पुष्कळसे दोष त्याचीच संतती असतात. जावाचा कंपायलर एरवी पहिले १०० दोषच छापतो, म्हणून यादीच्या लांबीवरून काहीही अनुमान काढू नये. नंतर संहितेचा काळ ठरवून तत्कालीन मार्गदर्शिकेत सांगितलेली जावाची आवृत्ती मिळवावी, पूर्वीच्या बांधणीचे अवशेष पुसावेत, ग्रंथालये पूर्णपणे आली की नाही ते पाहावे. आणि सर्वांत शेवटी संहितेवर संशय घ्यावा.

मुक्त परवाना संहिता वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार देतो. परंतु ती कोणत्या कंपायलरने व कोणत्या ग्रंथालयांसह बांधली होती, ही नोंद नष्ट झाली तर तो अधिकार कागदावरच राहतो. म्हणून आज्ञावलींचे जतन करू इच्छिणाऱ्या संस्थांनी संहितेइतकीच तिच्या परिसराची नोंदही जपली पाहिजे.