सत्तावीस तासांची विश्रांती

बुधवार, १६ ऑगस्ट २०२३. पहाटे ३

तिरुवनंतपुरमहून इंडिगोचं विमान निघतं. कॅप्टन चाळीस वर्षांचा. आधी पुणे, मग नागपूर, असे दोन टप्पे. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सगळ्यात मंद असतं, हे आमच्या बल्लारपुरात कुणाला समजावून सांगायला नको. पेपर मिलची किंवा कोळसा खाणीची रातपाळी केलेल्याला विचारा, चारच्या सुमाराला डोळे उघडे असतात पण नजर कशावर ठरत नाही.

सकाळी ७ च्या सुमारास

नागपूर. ड्यूटी संपते. पुढच्या ड्यूटीआधी मिळालेली विश्रांती २७ तासांची होती, असं कंपनीने नंतर सांगितलं. नियमात बसणारी, तशी सढळच. इथे कुणाला दोषी ठरवायचा माझा इरादा नाही. पण रातपाळीनंतरची पहिली झोप दिवसाउजेडी काढावी लागते. पडदे ओढले तरी ती चार-पाच तासांत तुटते आणि माणूस छताकडे बघत पडून राहतो. रोस्टरवर मात्र तेही तास विश्रांतीतच जमा होतात.

त्याच दिवशी, दुसऱ्या विमानात

दिल्लीहून दोह्याला निघालेल्या कतार एअरवेजच्या विमानात एक वैमानिक कोसळतो. तो विमान चालवत नव्हता, प्रवाशांमध्ये बसला होता. विमान दुबईला वळवतात, पण तो वाचत नाही. त्याच सुमारास मायामीहून सांतियागोला चाललेल्या लाटाम कंपनीच्या विमानाचा कॅप्टन उड्डाणादरम्यान कोसळून मरण पावला होता. ते विमान उरलेल्या वैमानिकांनी पनामाला सुखरूप उतरवलं.

गुरुवार, १७ ऑगस्ट. दुपारी बाराच्या आसपास

त्या दिवशी चार टप्पे होते, त्यातला पहिला दुपारी एकचा, नागपूर ते पुणे. कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ येतो आणि तिथेच खाली पडतो. छाती दाबून हृदय चालू करण्याचे प्रयत्न होतात, रुग्णालयात नेतात. उपयोग होत नाही. हृदय अचानक बंद पडलं, असं डॉक्टर सांगतात.

थकव्यामुळेच ते बंद पडलं, असं मी म्हणणार नाही. वैद्यकीय तपासणी तर झालेली असतेच. व्यावसायिक वैमानिकाला ती दर वर्षी द्यावी लागते. पण ईसीजी हा तपासणीच्या सकाळपुरताच असतो. १८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्सला ट्रायडंट विमान उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत कोसळलं, ११८ माणसं गेली. ५१ वर्षांचा कॅप्टन तपासण्यांमध्ये पास होत आला होता. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्यांचा जुना, गंभीर आजार सापडला. आणि त्या कॉकपिटमध्ये तो एकटाही नव्हता.

एक वाजायला काही मिनिटं

नागपूरला गंडांतर जमिनीवर आलं, म्हणून प्रवासी वाचले. हवेत आलं असतं तरी शेजारच्या खुर्चीत दुसरा वैमानिक होता. आता हीच गोष्ट एका खुर्चीच्या भरवशावर बघा. ग्लायडर ओढून नेणाऱ्या छोट्या विमानात, म्हणजे टो-प्लेनमध्ये, वैमानिक बहुधा एकटा असतो. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर विंचने, म्हणजे जमिनीवरून तार ओढणाऱ्या यंत्राने, चढवतात. विंच चालवणाऱ्याला भोवळ आली तर वरचा वैमानिक तार सोडून उतरू शकतो. विमानाने ओढताना घड्याळ तासांचं राहत नाही.

सेकंद पहिला ते पाचवा

जमिनीपासून तीनशे फुटांवर ग्लायडर टो-प्लेनच्या मागे भसकन वर चढतं. दोरी शेपूट वर खेचते, नाक खाली जातं. स्टिक कितीही मागे ओढली तरी शेपूट खाली येत नाही. टो-प्लेनच्या वैमानिकाने त्याच क्षणी दोरी सोडायची असते, आणि ताण बसलेला हुक कधी कधी जोर लावल्याशिवाय सुटत नाही. उशीर झाला, तर दोरी सुटूनही सावरायला उंची उरत नाही. सगळा मामला दोन-चार सेकंदांचा. सकाळपासून तेच चढणं-उतरणं करणाऱ्या, न जेवलेल्या, घामाघूम माणसाकडे ते सेकंद असतात का?

चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे. उद्या तिथे ग्लायडर आले, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांत हवा विरळ, इंजिन तापलेलं आणि चढण मंद असणार. म्हणजे तीनशे फुटांवरचा धोक्याचा वेळ आणखी लांबणार.

त्यानंतर

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामकाने, वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली. अंमल जून २०२४ पासून व्हायचा होता, तो पुढे ढकलला गेला; शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि रात्रीच्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. एवढी मोठी कंपनी, एवढे वैमानिक, तरी दोन वर्षांत माणसांचा हिशेब जुळला नाही.

ग्लायडिंग क्लबात तर रोस्टर बघणारं खातंच नसतं. टो-प्लेन चालवणारा बहुतेक ठिकाणी हौसेने येतो आणि रांगेत ग्लायडर उभे असताना "मी आता थांबतो" म्हणायला संकोचतो. म्हणून ते त्याच्यावर सोडू नये. किती खेपांनंतर वैमानिक बदलायचा हे सकाळीच फळ्यावर लिहावं, आणि तो आकडा आला की ड्यूटीवरच्या प्रशिक्षकाने चावी मागून घ्यावी.