गॉटलंडचे अकरा आणि चार

बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड या स्वीडिश बेटाची वस्ती १९८०च्या दशकात जेमतेम ५६ हजार होती. तिथल्या फॅमिली डॉक्टरांना १९८३-८४मध्ये नैराश्य ओळखण्याचे आणि त्यावर उपचार करण्याचे शिक्षण दिले गेले. १९८२ साली लाखामागे १९.७ असलेले आत्महत्यांचे प्रमाण १९८५मध्ये ७.१ वर आले. अँटीडिप्रेसंट अधिक लिहून दिली जाऊ लागली, नैराश्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याची गरज घटली. औषधांचा खप वाढला की आत्महत्या घटतात, असे सांगताना पुढे या बेटाचा दाखला वारंवार दिला गेला. माझ्या मते तो दाखला गोळीचा कमी आणि डॉक्टरांच्या नजरेचा अधिक आहे.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे. एवढ्याशा वस्तीत १९.७ म्हणजे अकरा माणसे आणि ७.१ म्हणजे चार. असा फरक योगायोगानेही पडू शकतो. तरीही हा आकडा एकटा नव्हता, रुग्णालयातले चित्रही त्याच दिशेने बदलले होते. शिवाय शिक्षण थांबले, शिकलेले अनेक डॉक्टर बेट सोडून गेले आणि १९८८च्या सुमारास प्रमाण जवळपास पूर्वपदावर आले. दुसरा आक्षेप असा की स्वीडनभर एसएसआरआय या गटातल्या अँटीडिप्रेसंट औषधांचा खप १९९०च्या दशकात वाढला आणि आत्महत्याही घटल्या, मग श्रेय गोळीलाच का नको? पण तिथली घट ही औषधे येण्याआधीच सुरू झाली होती. आइसलँडमध्ये तर १९७५ ते २००० या काळात अँटीडिप्रेसंटची विक्री आठपटींहून अधिक वाढूनही आत्महत्यांच्या प्रमाणात ठोस घट दिसली नाही. याचा अर्थ औषध निरुपयोगी, असा मुळीच नाही. गंभीर नैराश्यात ते अनेकांना सावरते, आणि ते मनाने बंद करणे घातक ठरू शकते. मात्र देशभरच्या आकड्यात बेकारी, दारू, एकटेपणा असे बरेच काही मिसळलेले असते, त्यातून एका औषधाचा वाटा वेगळा काढता येत नाही.

गॉटलंडची सगळ्यात बोलकी नोंद मात्र पुरुषांची आहे. घट झाली ती जवळजवळ सगळी स्त्रियांमध्ये. जीव दिलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांचे नैराश्य डॉक्टरांपर्यंत पोचलेच नव्हते. दवाखान्याची पायरीच न चढलेल्या माणसाला औषध मिळणार कुठून? या अनुभवातूनच, डॉक्टरांना ते शिक्षण देणारे मनोविकारतज्ज्ञ वुल्फगांग रुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे पुरुषांसाठी वेगळी प्रश्नावली तयार केली. रडू येते का यापेक्षा चिडचिड वाढली आहे का, दारू वाढली आहे का, स्वतःवरचा ताबा सुटतो का, हे ती विचारू लागली.