वर्ध्याहून कौसानी

हिमालयात जाणारा मराठी माणूस पूर्वी बहुधा यात्रेकरूच असे. बद्री-केदार करायचे, गंगोत्रीचे पाणी गडूत भरून आणायचे आणि गावात मावंदे घालायचे. पुढे वर्ध्यात हिंदुस्तानी प्रचाराचे काम करणारे काकासाहेब कालेलकर 1912 मध्ये मित्रांबरोबर तो सगळा मुलूख पायी फिरले. त्यांचे ते प्रवासवर्णन मुळात गुजरातीत उतरले आणि मग मराठीत आले. विनोबांनी 1916 मध्ये घर सोडले तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढे हिमालयच होता. वाटेत काशी लागली, तिथून गांधीजींचा ठाव लागला आणि 1921 च्या एप्रिलमध्ये ते वर्ध्याला येऊन पोचले.

पण डोंगरातल्या लहान गावांत जायचे, तिथल्या बायकांशी बोलायचे आणि तिथेच राहायचे, ही चाल वर्ध्याहून हिमालयात नेली ती दोन इंग्रज बायांनी. एकीचे नाव मॅडेलिन स्लेड, दुसरीचे कॅथरीन मेरी हाइलमन. आपण त्यांना मीराबेन आणि सरलाबेन म्हणून ओळखतो. दोघींनाही ही नावे गांधीजींनी दिली.

मीराबेनचे गावपण वर्ध्याच्या वेशीवर सुरू झाले. 1935 च्या सुमारास गांधीजी वर्ध्यातल्या मगनवाडीत राहत होते. शेजारच्या सिंदी गावात रस्त्याच्या कडेला लोक शौचाला बसत. मीराबेन आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथे जाऊन ती घाण स्वतः उचलत. पुढे मीराबेन सेगावात राहायला गेल्या. हे गाव वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर. तिथे तेव्हा धड रस्ता नव्हता, टपाल नव्हते, किराणा दुकानही नव्हते. त्यांच्या मागोमाग 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी सेगावला आले. 1940 मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम झाले. आज ज्या बापूकुटीसमोर शाळेच्या सहली रांगेने उभ्या राहतात, ती आधी मीराबेनचीच झोपडी होती. भिंत मातीची, कूड बांबूचा, वर कवेलू. लिंपलेल्या भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढलेला आहे. तेही त्यांच्याच हातचे. गावातली माती, गावातला बांबू आणि गावातले हात यांत घर उभे राहते, हे त्या इथे शिकल्या.

सरलाबेन 1932 मध्ये भारतात आल्या. आधी उदयपूरच्या शाळेत होत्या, मग सेवाग्रामला. ऑक्टोबर 1937 च्या वर्ध्यातल्या शिक्षण परिषदेने नई तालीम पुढे आणली होती. आशादेवी आणि आर्यनायकम् ते काम चालवत होते. हाताने काम करता करता शिकायचे, हा त्यातला गाभा. सरलाबेन त्यात रमल्या. पण वऱ्हाड-वर्ध्याचा मे महिना काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि लंडनात वाढलेल्या जिवाला तर तो सोसवतच नव्हता. त्यात हिवतापाने घेरले. 1940 नंतर गांधीजींच्या संमतीने त्या कुमाऊँच्या डोंगरात, कौसानीकडे गेल्या. कौसानी गांधीजींनाही ठाऊक होते. 1929 च्या जूनमध्ये तिथे मुक्काम असताना त्यांनी ‘अनासक्तियोग’ या आपल्या गीतेच्या अनुवादाचे काम पुरे केले होते.

गेल्या त्या तब्येतीसाठी, पण विश्रांती मिळाली नाही. 1942 चा ‘भारत छोडो’ लढा पेटला आणि कुमाऊँच्या गावागावांतून माणसे तुरुंगात गेली. मागे राहिलेल्या घरांची खबर घ्यायला सरलाबेन पायवाटेने गावे पालथी घालू लागल्या. कुठे धान्य संपलेले, कुठे दडपण, कुठे नुसती चौकशी केली तरी बाईच्या डोळ्यांत पाणी. सरकारने त्यांनाही अलमोडा आणि लखनौच्या तुरुंगांत ठेवले. या हिंडण्यात त्यांना एक गोष्ट लख्ख दिसली. डोंगरातले गाव बाईच्या पाठीवर उभे आहे. गवताचा भारा तिचा, लाकडाची मोळी तिची, पाण्याची घागर तिची, शेतातली खुरपणीही तिचीच. आणि शाळेत मात्र ती कुठेच नाही.

म्हणून 1946 मध्ये कौसानीला मुलींसाठी लक्ष्मी आश्रम सुरू झाला. ज्यांनी जागा दिली त्यांच्या पत्नीचे नाव आश्रमाला मिळाले. सुरुवात अगदी मोजक्या मुलींनी झाली. मुलगी शाळेत गेली तर गवत कोण आणणार, हा आईबापांचा प्रश्न खरा होता आणि त्याला नुसत्या पुस्तकाने उत्तर मिळाले नसते. सेवाग्रामची रीत इथे कामी आली. शेत, गोठा, सूतकताई, स्वयंपाक आणि त्यातूनच अक्षरे. इथे काम केलेल्या विमला नौटियाल यांनी 1956 मध्ये तेव्हा राजकारणात असलेल्या सुंदरलाल बहुगुणांशी लग्न करताना अट घातली की राजकारण सोडून डोंगरातल्या गावात राहायचे. टिहरीतल्या सिल्यारा गावात त्यांनी बिऱ्हाड थाटले. राधा भट्ट याच आश्रमातून पुढे आल्या.

तिकडे मीराबेन ऋषिकेशजवळ पशुलोक हे गुरांचे केंद्र उभारून मग भिलंगणा खोऱ्यात वर सरकल्या होत्या. गंगेला दरवर्षी येणारा गढूळ लोंढा पाहून त्या उगमाच्या दिशेने चालत गेल्या आणि झाडे पाहू लागल्या. खालच्या उतारांवर बांज म्हणजे तिथला ओक कमी होत चालला होता आणि त्याच्या जागी चीड वाढत होती. बांजाखाली पानांचा जाड थर साचतो, पाऊस त्यात मुरतो, झरे उन्हाळ्यातही वाहते राहतात. त्याचा पाला जनावरांना चालतो, कुजून खत होतो. चिडीच्या सुया मात्र निसरड्या. तिच्याखाली गवत वाढत नाही आणि उन्हाळ्यात ठिणगी पडली की डोंगर पेटतो. दोष त्यांनी एकट्या वनखात्यावर टाकला नाही. चाऱ्यासाठी बांजाच्या फांद्या ओरबाडणारे गावकरीही त्यांना दिसले, आणि गावकऱ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय जंगल वाचायचे नाही असे त्यांचे मत झाले. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीचे हे निरीक्षण. झाडांना कवटाळून ती वाचवणारे चिपको आंदोलन त्यानंतर वीसेक वर्षांनी, 1973 मध्ये सुरू झाले.

वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या नावाचा पुरस्कार सरलाबेनना 1979 मध्ये मिळाला. सुंदरलाल बहुगुणांना तो 1986 मध्ये आणि राधा भट्ट यांना 1991 मध्ये देण्यात आला. सेगावातली आपली जमीन आश्रमाला देणाऱ्या माणसाच्या नावाचा मान असा पुन्हा पुन्हा त्या डोंगरात पोचला.

मीराबेन 1959 मध्ये भारत सोडून गेल्या आणि व्हिएन्नाजवळच्या खेड्यात राहिल्या. सरलाबेन शेवटची वर्षे कुमाऊँतल्या धरमघरला होत्या. 8 जुलै 1982 रोजी त्या गेल्या आणि त्यांच्यावर लक्ष्मी आश्रमातच हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. बाराच दिवसांनी, 20 जुलैला, ऑस्ट्रियात मीराबेनचे निधन झाले.