शांत शहराची शिरगणती

साताऱ्याला शांत, पेन्शनरांचे गाव म्हणण्याची रीत जुनी आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वारांच्या नावांच्या पेठा, उतारावरचे वाडे, आणि 1848 साली राज्य खालसा झाल्यावर दरबाराबरोबर ओसरलेली वर्दळ. ही शांतता कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

पेन्शनर तर आमचेही होते. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ दापोली सोडून साताऱ्यास आले आणि हे कुटुंब 1904 पर्यंत तेथे राहिले. भीमाबाईंचा मृत्यू याच शहरात झाला. 1901 च्या खानेसुमारीत साताऱ्याची वस्ती सुमारे 26 हजार भरली. त्यात ही घरातली डोकीही धरली गेली असणार. पण त्या डोक्यांना शहरातला न्हावी हात लावीत नव्हता! बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, गावात न्हावी होते, द्यायला पैसेही होते; तरी भावांचे केस थोरली बहीणच कापी. धोब्याचेही तेच. कपडे बहिणी धूत. म्हणजे सवर्ण घरात जे काम चार पैशांत बाहेर होई, ते आमच्या घरात मुलींच्या अंगावर पडे. अस्पृश्यतेचा हा घरातला हिशेब कोणत्या गॅझेटियरने मांडला?

पाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कास तलावाचे पाणी शहराला मिळू लागले होते. टंचाई पाण्याची नव्हतीच. तरीही 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या हायस्कूलच्या रजिस्टरात ज्याचे नाव चढले, त्या मुलाच्या शाळेतल्या दिवसांत नळ होता आणि नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. 1924 साली भाऊराव पाटलांनी याच शहरात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत आणले. ते घडू शकले, यावरूनच आधीचे अटळ नव्हते हे दिसते.

आता शिरगणतीकडे येऊ. सर्व जातींची प्रसिद्ध झालेली शेवटची गणती 1931 ची. 1956 साली आम्ही बौद्ध झालो, आणि 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले बौद्ध अडीच हजारांच्या आसपासवरून जवळजवळ 28 लाखांवर गेले. पण अनुसूचित जातींच्या रकान्यातून ती माणसे गळली. 1990 साली केंद्राने कायदा दुरुस्त केला. 1981 ला राज्यात 7 टक्क्यांवर असलेले अनुसूचित जातींचे प्रमाण 1991 ला 11 टक्क्यांवर गेले. माणसे एकाएकी वाढली नव्हती, रकाना बदलला होता. मधल्या तीस वर्षांतले आकडे पुढे करून दलितांची संख्या सांगणाऱ्या अभ्यासकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

2025 साली सरकारने पुढच्या जनगणनेत जातनिहाय नोंदीचा निर्णय केला. नोंद होईल ती होवो. विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी तोवर आपापल्या शहरातल्या पेठा पायी फिराव्यात. भाड्याची खोली मागताना आडनाव कोठे विचारले जाते, गटारे साफ करणाऱ्यांच्या हजेरीपटावर कोणत्या वस्त्यांतली माणसे आहेत, कोणत्या गल्लीत नळ शेवटी पोहोचला, हे वहीत उतरवून घ्यावे.