इयत्ता ओलांडणे

इयत्ता ओलांडणे : मधली एखादी इयत्ता न शिकता विद्यार्थ्याने तिच्या पुढच्या इयत्तेत बसणे. बोलण्यात याला ‘डबल प्रमोशन’ किंवा ‘मधली यत्ता गाळणे’ म्हणतात. ढकलपास हा निराळा प्रकार आहे. त्यात मूल एकेकच पायरी चढते, फक्त ती चढण्याइतके बळ पायात आले आहे की नाही हे कोणी पाहत नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले नातेपुते हे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. जवळच सदाशिवनगरचा श्री शंकर सहकारी साखर कारखाना आहे. अशा गावात हा प्रश्न दोन टोकांनी शाळेत येतो. ‘पोरगी तिसरीतच पाचवीची गणितं करते, एक वर्ष वाचवता येईल का?’ असे विचारणारे पालक एका टोकाला. दुसऱ्या टोकाला ऊसतोडीच्या हंगामात फडावर आलेले, दहा वर्षांचे होऊनही पाटी न धरलेले मूल. त्याच्या वतीने बहुधा कोणीच काही विचारत नाही. कायद्याने मात्र दार उघडले आहे ते याच दुसऱ्या मुलासाठी.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 4 प्रमाणे सहा वर्षांवरचे मूल कधीच शाळेत गेले नसेल किंवा मध्येच सुटले असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात बसवायचे असते. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत कोंबायचे नाही, पाचवीच्या आसपास घ्यायचे आणि राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. वयाची चौदा वर्षे उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचे शिक्षण मोफतच राहते. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळा सुरू होऊन महिने लोटले म्हणूनही नाही. कागदावर पाहिले तर चार इयत्ता एका दमात ओलांडण्याची ही कायदेशीर वाट आहे. प्रत्यक्षात ते विशेष प्रशिक्षण नीट झाले नाही, तर मूल पाचवीच्या बाकावर बसून बाराखडीशीच झगडत राहते.

हुशार मुलाबद्दल हाच अधिनियम गप्प आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये विशेष प्रतिभेच्या मुलांचा उल्लेख आहे, पण तो पूरक साहित्य, मंडळे आणि स्पर्धा यांच्या अंगाने. वर्ग ओलांडण्याविषयी त्यात काही नाही. मुख्याध्यापकाने मनावर घेतले आणि पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मान डोलावली, तरी पुढे नोंदींचा प्रश्न उरतो. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचा दाखला, ‘सरल’ आणि यू-डायस प्लस या संगणकीय नोंदप्रणाली, या सगळ्यांत मूल दरवर्षी एकच इयत्ता पुढे सरकते, असे धरलेले असते.

गाळलेल्या वर्षाची किंमत कधीकधी उशिरा कळते. सोलापूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. तिथल्या सहावीसाठी ग्रामीण जागेवर हक्क सांगणाऱ्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण शिकलेली असावी लागतात. चौथी गाळलेले मूल परीक्षेत कितीही तेज असले तरी या अटीत अडकते. डॉक्टर व्हायचे असेल तर पुढचा अडसर ‘नीट’चा : प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण हवीत. एक इयत्ता ओलांडलेल्याचे निभावते. दोन ओलांडल्या तर वाचवलेले एक वर्ष घरी बसून परत द्यावे लागते.

शाळेबाहेरून जाणारी वाट म्हणजे ‘सतरा नंबरचा फॉर्म’. सोलापूर जिल्हा राज्य मंडळाच्या पुणे विभागात येतो. पाचवी उत्तीर्ण आणि चौदा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी हा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीला बसू शकतो. बारावीला तसे बसायचे तर दहावीनंतर दोन वर्षे जावी लागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतही दहावीला चौदा आणि बारावीला पंधरा वर्षांची अट आहे. म्हणजे पाचवीवरून थेट दहावी गाठता येते, पण वाचते ते फार तर एखादे-दुसरे वर्ष. ही सोय शाळा सुटलेल्यांना परत आणण्यासाठी केलेली आहे, घाई असलेल्यांसाठी नव्हे.

वयाची ही तटबंदी जुनी आहे. धोंडो केशव कर्वे 1875 मध्ये सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून पायी साताऱ्याला गेले, आणि सतरा वर्षांचे वाटत नाहीत म्हणून त्यांना बसूच दिले नाही. वास्तविक त्यांना सतरा पूर्ण झालेली होती. तटबंदी ओलांडणारे विरळाच. पाटण्याचे तथागत अवतार तुलसी बाराव्या वर्षी एम. एस्सी. झाले आणि 2010 मध्ये पवईच्या आयआयटीत शिकवू लागले. मुंबईच्या मालविका राज जोशी हिने सातवीनंतर शाळाच सोडली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य व एक कांस्य पदक मिळवून 2016 मध्ये ती अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली. आपल्या आयआयटीत बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय तिला दार नव्हते.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2004 साली आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले, की नीट पारखून पुढे नेलेल्या मुलांचे सहसा नुकसान होत नाही. ‘पारखून’ हा शब्द महत्त्वाचा. तिथे बुद्धी, वय, उंची, भावंडांची इयत्ता आणि मुलाची स्वतःची इच्छा असे सगळे तपासतात. आपल्याकडे ही पारख करायला तालुक्याच्या पातळीवर यंत्रणा नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने 1962 पासून बुद्धिमान मुलांसाठी काम केले ते मुख्यतः त्याच इयत्तेत अधिक खोल शिकवण्याच्या मार्गाने. नातेपुत्यातल्या त्या तिसरीच्या मुलीला आज देण्याजोगे तेच आहे : वर्ग तिसरीचा, गणिताचे पुस्तक पाचवीचे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

फडावरच्या मुलासाठी पालकाने लेखी अर्ज करावा अशी अटही नाही. शाळाबाह्य मुले शोधून दाखल करणे हे शासनाचेच काम आहे. हंगाम संपून बिऱ्हाड गावी परतते तेव्हा मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते. ते दाखवले, की गावच्या शाळेने त्याला वर्गात घ्यायचे असते.